स्वस्त हेडफोन जास्त आवडला, म्हणजे कान कच्चे?

पत्र थोडक्यात असं : ठाण्यात राहणारे एक वाचक, वय ४६. कॉलेजच्या दिवसांत मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या रॉक संगीताच्या महोत्सवाला गर्दीत उभं राहून गिटार ऐकलेले. आता घर दोन बेडरूमचं, शेजारच्या खोलीत आई, दहावीतली मुलगी गिटार शिकते आहे. रात्री दहानंतरचे दीड-दोन तास हा त्यांचा ऐकण्याचा वेळ. गिटारवादक डेव्हिड गिल्मर आणि मार्क नॉफ्लर, ब्लॅक सबाथ आणि मेटॅलिका हे बँड, ही त्यांची दैवतं. चांगल्या हेडफोनसाठी त्यांनी दोन वर्षांत दीड लाख रुपये बाजूला ठेवले आणि तीन नावं नक्की केली : सेनहायझर एचडी ८०० एस, ऑडिझी एलसीडी-एक्स आणि फोकल क्लिअर एमजी. दुकानात जाऊन तिन्ही ऐकले. निघता निघता सहज म्हणून सेनहायझरचाच जुना, बराच स्वस्त एचडी ६५० कानाला लावला, आणि गिटार त्यावरच सगळ्यांत खरी वाटली. जाणकार मित्र म्हणाले, “तुझे कान अजून तयार नाहीत. ८०० एस घे, सहा महिन्यांत कळेल.” आता त्यांचे प्रश्न दोन : आपले कान कच्चे आहेत का? आणि इलेक्ट्रिक गिटारसाठी यातला सर्वोत्तम कोणता?

नमस्कार,

“दुकानातून बाहेर पडताना मला थोडी लाज वाटली,” हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हेडफोनचं बोलण्याआधी त्या लाजेचं बोलू, कारण तशी लाज वाटून भलतीच वस्तू घरी आणणारे लोक मी पाहिले आहेत. ती वस्तू वाईट नसते. पण ती घेताना स्वतःच्या कानांना गप्प बसवलेलं असतं, आणि मग दर रात्री ऐकताना मनात एक चाचणी चालू राहते : आता तरी आवडतंय का?

तुमचे कान कच्चे नाहीत. तुम्हाला जे जाणवलं त्यामागे ठोस कारण आहे, आणि ते इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातच आहे.

नेहमीच्या सुरावटीत लावलेल्या गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर सूर ८२ हर्ट्झचा निघतो. सगळ्यांत बारीक तार बाविसाव्या फ्रेटवर दाबली तर ११७५ हर्ट्झचा. त्याच्या वर असतात ते त्या सुरांचे उपस्वर, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो मुद्दाम फाडलेला आवाज, लावलं की ते भरमसाठ वाढतात. पण हा आवाज तारेतून थेट आपल्यापर्यंत येत नाही. तो अँपमधून (अँप्लिफायरमधून) जातो, आणि गिटारच्या अँपमध्ये बहुधा दहा किंवा बारा इंची स्पीकर असतात, ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकर, नसतो. हे स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मान टाकतात. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा रॉकमधला अतिशय प्रसिद्ध स्पीकर घ्या. कंपनी स्वतःच त्याचा पल्ला ७० ते ५००० हर्ट्झ असा देते. त्यापुढे मायक्रोफोन येतो, पुष्कळदा शुअरचा एसएम५७. तो १९६५ पासून चालत आलेला आहे आणि पाच-सहा हजारांच्या आसपास आवाजाला थोडी धार लावतो. म्हणजे रेकॉर्डवरची इलेक्ट्रिक गिटार बहुतांशी ऐंशी ते पाच-सहा हजार हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात राहते, आणि तिचा जीव त्यातही मधल्या भागात असतो. आपला कान नेमका दोन ते पाच हजारांच्या दरम्यान सगळ्यांत हळवा असतो. तिथे थोडं इकडचं तिकडे झालं तरी आपल्याला लगेच कळतं. सूर तोच असतो, पण गिटारवाला एकदम दोन पावलं मागे गेल्यासारखा वाटतो, नाहीतर अंगावर आल्यासारखा.

एचडी ६५० हा २००३ चा हेडफोन. त्याचा थोरला भाऊ एचडी ६०० हा १९९७ चा. दोघं इतकी वर्षं टिकून आहेत ते याच मधल्या पट्ट्याच्या प्रामाणिकपणामुळे. नॉफ्लर बोटांनी तार छेडतो तेव्हा मिळणारा तो गोल, किंचित नाकातला आवाज तुम्हाला तिथे ‘खरा’ वाटला, यात नवल ते काय?

आता तुमच्या यादीतले तीन. मी त्यांना एकमेकांवर तोलणार आहे, पण तुमच्या गाण्यांच्या अंगाने.

एचडी ८०० एसची कीर्ती आहे ती अवकाशाची. आवाज कानाला चिकटत नाही, दूर मोकळ्यावर पसरतो. गिल्मरचा लांबवर रेंगाळणारा एकेक सूर, थेट मैफलीचं रेकॉर्डिंग, यांना त्यावर जी जागा मिळते ती फार थोड्या हेडफोनवर मिळते. पण २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये सहा हजार हर्ट्झच्या आसपास एक टोकदार उंचवटा होता. एस आवृत्तीत त्यासाठी आत शोषक बसवला आणि तो बराच खाली आला. तरी एकूण कल उजळ, बारीक अंगाचाच राहिला. त्या पट्ट्यात गिटारचा गाभा नसतो. तिथे डिस्टॉर्शनची खरखर असते, सिंबलचा चरचराट असतो. रेकॉर्डिंग उत्तम असेल तर हा हेडफोन अद्भुत आहे. पण दाबून-कोंबून मास्टर केलेला मेटल अल्बम त्यावर तासभर ऐकणं मला तरी कठीण जातं.

एलसीडी-एक्स प्लेनार जातीचा, म्हणजे त्यात आवाज काढतो तो एक पातळ, सपाट पडदा. खर्ज अगदी तळापर्यंत सरळ जातो. मेटॅलिकासारखं तळहाताने तार दाबून वाजवलेलं ‘चग-चग’ त्यावर जितकं वजनदार येतं तितकं तुमच्या यादीत दुसरीकडे कुठेच येत नाही. मेटलमधलं ते वजन एकट्या गिटारचं नसतं. बेस गिटारची खालची तार ४१ हर्ट्झवर असते आणि सोबत ड्रमचा ठोका असतो. एचडी ६५० या तळाला हात टेकवत नाही, हेही लक्षात ठेवा. मात्र एलसीडी-एक्सचा वरचा मधला पट्टा थोडा मागे बसतो. गिटारचा चावा बोथट होतो. शिवाय तो सुमारे सहाशे ग्रॅमचा आहे, एचडी ६५० च्या दुपटीहून जड. दुकानात पंधरा मिनिटांत हे मानेला कळत नाही. रात्री साडेअकराला कळतं.

क्लिअर एमजीची ताकद आघातात आहे. पिक तारेला लागतो तो क्षण, स्नेअर ड्रमची थाप, हे तो फार जिवंतपणे देतो. तुम्ही पत्रात त्याला एकच ओळ दिली आहे, म्हणून आवर्जून सांगतो : तिघांपैकी एकच परत ऐकायचा असेल तर मी तुम्हाला हा ऐकायला सांगेन. नॉफ्लर आणि मेटॅलिका दोघांनाही बऱ्यापैकी न्याय देणारा तोच आहे. ट्रेबलमध्ये, म्हणजे वरच्या स्वरांत, थोडी धातूची चमक आहे. काहींना ती खुपते.

ब्रुकलिनच्या ग्राडोचं नाव तुमच्या पत्रात नाही, पण रॉक गिटार म्हटलं की कुणीतरी ते सुचवणारच. त्यात वरचा मधला पट्टा पुढे काढलेला असतो, त्यामुळे गिटार पहिल्या वीस मिनिटांत अंगावर काटा आणते. दोन तासांनी मात्र तोच पट्टा थकवतो. ऐका, पण पहिल्या भेटीत शब्द देऊ नका.

आता तुमच्या मित्रांचं ‘कान तयार होतील’ हे म्हणणं. त्यात तथ्य आहे. ऐकण्याचा सराव होतो, आणि पूर्वी न जाणवलेल्या गोष्टी हळूहळू उमगतात. पण कान जसा बारकाव्याला सरावतो तसाच दोषालाही सरावतो. रस्त्यालगत राहणाऱ्याला गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसं ट्रेबल टोचणाऱ्या हेडफोनचं टोचणं सहा महिन्यांत जाणवेनासं होऊ शकतं. मग ‘आता कळायला लागलं’ असं वाटतं. त्यातलं काय खरंच कळलं आणि काय नुसतं अंगवळणी पडलं, हे सांगणं अवघड असतं. म्हणून सहा महिन्यांनी आवडेल या भरवशावर लाखाच्या वर रुपये घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि किंमत म्हणजे दर्जा, हे गृहीतक. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्ज, मध्य, तार यांचा तोल, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि विक्रीची किंमत यांचा संबंध त्याला सापडला नाही. महाग हेडफोन म्हणजे फसवणूक, असा याचा अर्थ मी काढत नाही. पैशाने बांधणी मिळते, सुटे भाग मिळतात, पुष्कळदा खोल खर्ज आणि कमी विकृती मिळते, ८०० एससारखा अवकाशही मिळतो. पण आवाजाचा तोल दीड लाखाला चांगला आणि तीस हजारांना वाईट असलाच पाहिजे, असं काही नाही. आणि गिटारला सगळ्यांत आधी लागतो तो तोलच.

इतकं सगळं तुमच्या बाजूने बोललो. आता तुमच्या त्या निवडीवरही थोडा संशय घेतो, कारण तुम्ही ज्या पद्धतीने तुलना केलीत तीही पक्की नव्हती.

चारही हेडफोन तुम्ही एकाच हेडफोन-अँपवर, बटण ‘साधारण तिथेच’ ठेवून ऐकलेत, असं लिहिलं आहे. एचडी ६५० आणि ८०० एस दोन्ही ३०० ओहमचे आहेत, म्हणजे त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. एलसीडी-एक्स आणि क्लिअर यांना फार कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे त्याच बटणावर ते कितीतरी मोठ्याने वाजतात. आवाज किंचित मोठा असला की तो आपल्याला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो, आणि बराच मोठा झाला की ‘कर्कश’. मग तुम्हाला एलसीडी-एक्स ‘अंगावर येणारा’ वाटला तो हेडफोनचा स्वभाव होता की बटणाचा? आज आपण दोघंही ते सांगू शकत नाही.

म्हणून परत जा, आणि या वेळी मुलीला घेऊन जा. ती गिटार वाजवते, तिचे कान तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण आहेत, आणि ब्रँडच्या नावांचं ओझं तिच्यावर नाही. आवाजाचं बटण तिच्या हातात द्या. दर हेडफोनला एकाच गाण्याची तीच ओळ लावून, गायकाचा आवाज तुम्हाला सारखाच मोठा वाटेपर्यंत तिने बटण फिरवायचं, मगच ऐकायला सुरुवात. डोळे मिटून घेतले तरी वजनावरून तुम्हाला कुठला कोणता ते कळेलच, तेव्हा पूर्ण आंधळी चाचणी होणार नाही. पण बरोबरीच्या आवाजात ऐकलं तरी निम्मे गैरसमज गळून पडतात. दहा-दहा सेकंद अदलाबदल करत बसू नका. त्यात फक्त फरक कळतो, आवड कळत नाही. एका हेडफोनवर निदान तीन पूर्ण गाणी ऐका, त्यातलं एक तुम्हाला मनापासून आवडणारं पण वाईट रेकॉर्ड झालेलं असू द्या. आपण सगळेच चाचणीला निवडक, गुळगुळीत रेकॉर्डिंग घेऊन जातो आणि घरी येऊन वेगळंच ऐकतो.

वाईट रेकॉर्डिंगवरून आठवलं. २००८ साली मेटॅलिकाचा एक अल्बम आला. तो इतका दाबून मोठा केला होता की ड्रमच्या ठोक्यांचे कंगोरेच कापले गेले. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि चाहत्यांना गेममधला आवाज अल्बमपेक्षा चांगला वाटला. त्या अल्बमसाठी जगातला कुठलाही हेडफोन उपयोगाचा नाही. उलट जितका चांगला हेडफोन, तितका तो दोष उघडा. तेव्हा तुमच्या संग्रहात अशा रेकॉर्डिंगचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे बघा. निम्म्याहून जास्त असेल तर ८०० एस तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. जुन्या रॉक रेकॉर्डिंगमध्ये गिटार पुष्कळदा एकाच बाजूला ढकललेली असते. व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवर गिटार बहुतेक वेळ डावीकडे आहे आणि तिचा घुमारा उजवीकडे. स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्ही बाजू थोड्या थोड्या ऐकू येतात, म्हणून ते खटकत नाही. हेडफोनवर एक कान भरलेला आणि एक रिकामा असं होतं. बऱ्याच म्युझिक प्लेयरमध्ये ‘क्रॉसफीड’ नावाची सोय असते. ती एका बाजूचा थोडा आवाज दुसरीकडे मिसळते. ती चालू करून बघा. हेडफोन बदलण्याआधी करण्याच्या गोष्टींत मी ही फार वर ठेवतो.

त्याच रांगेत इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा एखादा पट्टा कमी-जास्त करण्याची सोय. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, तर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो. ट्रेबल टोचत असेल तर सहा हजारांच्या आसपास दोन-तीन डेसिबल खाली आणा. गिटार मागे बसली असेल तर तीन हजारांच्या आसपास तेवढंच वर करा. इक्वलायझर वापरणं म्हणजे हेडफोनचा अपमान, असं मानणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना मान देऊन, तुम्ही बेलाशक वापरा. स्टुडिओत त्या गिटारवर आधीच कितीदा तो फिरवलेला असतो!

आता घर. तुम्ही निवडलेले तिन्ही आणि एचडी ६५० हे चारही ओपन-बॅक, म्हणजे मागच्या बाजूने उघडे, आहेत, आणि पत्रात याचा कुठे उल्लेख नाही. ओपन-बॅकमधून आवाज बाहेर जातो. आई शेजारच्या खोलीत असेल आणि दार बंद असेल तर अडचण नाही. पण तुमच्या खोलीत कुणी झोपलेलं असेल तर त्यांना छोट्या रेडिओसारखं ऐकू जाईल. त्याहून मोठी अडचण उलट दिशेची आहे. बाहेरचा आवाज आत येतो. परदेशी परीक्षणं लिहिणारे लोक शांत, बंद खोलीत ऐकतात. आपल्याकडे आठ-नऊ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो, खिडकी उघडी असते, खालून रिक्षा जाते. ज्या बारकाव्यांसाठी लाखभर रुपये मोजायचे, ते पंख्याच्या घरघरीखाली बुडतात, आणि ते वर काढायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. दुकानातली एसी खोली आणि तुमची रात्रीची खोली या दोन वेगळ्या जागा आहेत. पंखा बंद करून ऐकणं शक्य नसेल तर यादीत एक क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेला, जरूर घाला. बायरडायनॅमिकचा डीटी १७७० प्रो किंवा, वजन चालत असेल तर, ऑडिझीचा एलसीडी-एक्ससी. आणि चष्मा लावून ऐकत असाल तर चष्मा लावूनच चाचणी घ्या. दांडीमुळे गादी नीट टेकत नाही, आणि क्लोज्ड-बॅकमध्ये तेवढ्या फटीतून खर्ज निसटतो.

“दोन तासांनंतर कान बधिर झाल्यासारखे वाटतात,” हे तुम्ही कंसात लिहिलं आहे. ते कंसात ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर ती मर्यादा पाच तासांवर येते. तुमच्या दीड-दोन तासांच्या हिशेबाने तीन रात्री. खरेदीआधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे. चाळिशीनंतर अगदी वरचे स्वर कमी ऐकू येणं नैसर्गिक आहे, आणि गिटारसाठी त्याने फारसं बिघडत नाही, तिचं घर त्याच्या खाली आहे हे आपण पाहिलं. पण तीन ते सहा हजारांच्या पट्ट्यात खड्डा पडला असेल तर ते आधी कळलं पाहिजे. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा तिथेच सुरू होतं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? बरोबरीच्या आवाजात ऐकूनही एचडी ६५० च आवडला तर तो घेतला असता, त्याला पुरेल असा साधा, स्वच्छ अँप घेतला असता, आणि थांबलो असतो. सबाथ-मेटॅलिकासाठी तळ कमी पडतो असं दोन महिन्यांनी वाटलं, तर क्लिअर किंवा एलसीडी-एक्स कुठे पळून जात नाहीत. बरोबरीच्या आवाजात क्लिअर पुढे गेला, तर बिनदिक्कत तो घ्या. पैसे तुम्ही त्यासाठीच जमवले आहेत, आणि आवडीच्या वस्तूवर खर्च करण्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त मित्रांना उत्तर द्यायचं म्हणून ८०० एस आणू नका.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की रंगभवनात गिटार छातीत वाजायची, ते परत हवं आहे. ते यातला एकही हेडफोन देणार नाही. तो आवाज हवेने आणला होता आणि अंगाने ऐकला होता. हेडफोन फक्त कानाशी बोलतो. याची कल्पना आधीच असलेली बरी, नाहीतर तुम्ही एकामागून एक हेडफोन बदलत राहाल आणि दोष दरवेळी हेडफोनला द्याल. पैसे उरले तर मुलीसाठी बरा प्रॅक्टिस अँप घ्या. रविवारी दुपारी ती वाजवेल तेव्हा त्याच्यासमोर चार फुटांवर बसा आणि खरी इलेक्ट्रिक गिटार खोलीत कशी वाजते ते ऐका. दुकानात जाण्याआधी हे झालं तर आणखी चांगलं. मग कुठला हेडफोन खरं बोलतोय ते ओळखायला तुमच्याकडे स्वतःचा पुरावा असेल.

केबलबद्दल विचारलं होतंत : सोबत आलेली तुटेपर्यंत वापरा.